चार बोटांचा फरक

देशाची उंची शेवटी त्याच्या राष्ट्राध्यक्षाच्या उंचीवरून ठरते, हे राज्यशास्त्रातलं जुनं सत्य आहे. (ज्यांना ते पटलं नाही ते आता हयात नाहीत; त्यामुळे वाद मिटला.)

आमच्या देशाला दोन महान राष्ट्राध्यक्ष लाभले: थोरले आणि धाकटे. दोघांची निष्पक्ष तुलना करायला धाकट्यांनी एक समिती नेमली. मी तिचा चिटणीस. ‘धाकटे सर्वस्वी वेगळे’ हा निष्कर्ष नेमणुकीच्या हुकमातच दिलेला असल्यामुळे बराच वेळ वाचला. पुरावा तेवढा शोधायचा होता.

थोरले उंचीने कमी. (त्यांच्या काळात हेच वाक्य ‘जनता अंमळ उंच आहे’ असं लिहीत.) बसलेल्या माणसाचं डोकं आपल्या वर जातं हे पाहून त्यांनी देशातल्या झाडून सगळ्या खुर्च्यांचे पाय चार बोटं कापवले. स्वतः त्यांना मात्र तेव्हापासून स्वर्ग दोनच बोटं उरला.

माझे मेहुणे सुतार. अर्धं शहर त्यांनी कापलं आणि पायांचे तुकडे पोत्यांत भरून माळ्यावर टाकले. “दिवस पालटतात,” असं ते म्हणत, पण करवत चालू असतानाच.

दिवस पालटले. धाकटे आले, तेही रणगाड्यावर बसून आणि चांगले ताडमाड. आता पाय जोडले जाणार, असं सगळे धरून चालले. पण बसलेल्या जनतेचे टाळू वरून दिसले की धाकट्यांना जवळीक वाटे. खुर्च्या तशाच राहिल्या.

इकडे बुटक्या खुर्चीवर बसून काजं-बटणं करता करता माझ्या ताईचे गुडघे कामातून गेले. डॉक्टर म्हणाले, उंच खुर्ची घ्या, नाहीतर काम सोडा. काम सोडणं शक्य नव्हतं. कापाकापी संपल्यापासून मेहुणे घरी बसून होते. म्हणून ताई समितीपुढे आली. मागणी एकच: एका खुर्चीला तिचे चार तुकडे परत लावू द्या.

समिती पेचात पडली. हो म्हणावं तर धाकट्यांचा अवमान, नाही म्हणावं तर थोरल्या-धाकट्यांत फरक काय उरला?

“बाई, नेमका त्रास काय?” समितीप्रमुख न्यायमूर्तींनी विचारलं.

“गुडघे हनुवटीला लागतात, साहेब. तुमचेही लागलेत की.”

न्यायमूर्तींनी स्वतःचे गुडघे पाहिले आणि ते कामकाजातून वगळायला सांगितले. मग म्हणाले, “म्हणजे पाय खाली जायला जागा हवी. खुर्ची वर जायला हवी असं काही नाही.”

“एकच झालं ना ते?”

“एकच कसं? त्यातल्या एकात राजद्रोह आहे.”

निर्णय झाला: खुर्ची आहे तशी राहील, तिच्यापुढची जमीन चार बोटं खणावी. मेहुण्यांच्या हाती कुदळ आली. ताई बसली, खड्ड्यात पाय सोडले.

“कसं वाटतंय?” मी विचारलं.

“बरं वाटतंय रे मेलं,” ती म्हणाली. “तेच आवडलं नाही मला.”

मग देशभर खड्डे झाले. जनतेचा उत्साह पाहून सरकार दरवर्षी ते आणखी खोल करत गेलं. वरच्या मजल्यावरच्यांचे पाय खालच्यांच्या डोक्याशी लोंबू लागले आणि शेजारधर्म वाढला. गुडघेदुखी नव्वद टक्क्यांनी घटली. (उरलेले दहा टक्के खड्ड्यात पडले.) ‘थोरल्यांनी पाय कापले, धाकट्यांनी पसरायला जागा दिली,’ हे वाक्य शाळेत पाठ करून घेतात. माझंच आहे. माळ्यावरची पोती निरुपयोगी ठरल्यामुळे सरकारने नेली. ते तुकडे आता धाकट्यांच्या व्यासपीठाखाली आहेत.

ताईचा खड्डा आज कमरेएवढा आहे; बसल्यावर पाय तळाला टेकत नाहीत. परवा मी मोठ्या समाधानाने विचारलं, “आता तरी सांग, दोघांत बरा कोण?”

“धाकटाच,” ती दोरा ओवत म्हणाली. “त्याच्या राज्यात बसायला काही त्रास नाही. मला जरा वर काढ बघू.”

मी हात देणार तेवढ्यात मेहुण्यांनी अडवलं. त्यासाठी आता सरकारी माणूस असतो, आणि तो मंगळवारी येतो.

ही हकीकत सांगितली की परदेशी पाहुणे पोट धरून हसतात. तुम्हीही हसला असाल, हसावंच. हसून झालं की बसल्या जागेवरून जरा उठून दाखवा.

घाई नाही. मंगळवारपर्यंत वाट पाहू.