भिवापूरकर धोंडबा पाणी मागते जाहले

बाळांनो, डोळे मिटा आणि ऐसे मनी आणा की, नागपूर शहराचे दक्षिणेस हुडकेश्वर नामे मुलूख आहे, तेथील लहान मुलांचा दवाखाना हाच किल्ला, लोखंडी खाट हेच सिंहासन, सलाईनची बाटली टांगलेली दांडी हेच निशाण, आणि त्या निशाणाखाली खाशी स्वारी नंदिनीबाईसाहेब, इयत्ता दुसरी, डाव्या हातास सुई आणि त्यावर पट्टी, ऐशा रुसून बसल्या आहेत. दिसले? मग पुढील वर्तमान ऐका.

बाईसाहेबांनी मामाचे लग्नात गुपचुपांवर, म्हणजे पाणीपुरीवर, बेसुमार चाल केली आणि पोटात शिरलेल्या गुपचुपांनी फितुरी करून बंड मांडले, मग उलट्या जाहल्या, जुलाब जाहले, अंगातले पाणी सरले आणि दवाखान्यात दाखल होणे प्राप्त जाहले. मातोश्री हर्षाबाई रात्रभर उशाशी जागल्या, सकाळी स्नानास घरी गेल्या आणि किल्ल्याचा बंदोबस्त आजोबा धोंडबा, मिरचीवाले, मुक्काम भिवापूर, यांजकडे सोपविला.

तो दाक्तरसाहेबांचे फर्मान सादर जाहले. (फर्मान म्हणजे टाळता न येणारा हुकूम, बाळांनो.) फर्मान ऐसे की, उलटी थांबली आहे, आता बाईसाहेबांनी ओआरएसचे पाणी घोट घोट पिऊन हा जग सायंकाळपावेतो रिता करावा, म्हणजे सुई निघेल, न करावा, तर डावा हात सुजू लागला आहे, सबब उजव्या हातास नवी सुई टोचण्यात येईल.

हे ऐकोन धोंडबांनी आधी स्वतःचाच उजवा हात पाठीमागे लपविला. पहिली सुई टोचतेसमयी नातीपेक्षा मोठा हंबरडा त्यांनीच फोडला होता आणि नर्स सिंधूताईंनी त्यांस हातास धरून बाहेर बाकावर नेऊन बसविले होते.

मग मोहीम सुरू जाहली. प्रथम आर्जवांची फौज धाडली, ती गारद जाहली. मग बाहुलीस वकील करून पाठविले, ती खाटेखाली पडली. मग संत्रा बर्फी इनाम कबूल केली, आणि बाईसाहेबांनी उशी तोंडावर ओढून किल्ल्याचे दरवाजे बंद केले.

"पे वं माय, एकच घोट," धोंडबा काकुळतीस आले.

"नाही पेत."

"काहून पण?"

उशीआडून जबाब आला, "तूच तं म्हणला होता, भिवापूरचा माणूस पाणी मागत नाही. मी बी भिवापूरचीच होय!"

धोंडबांनी मिशीवरचा हात खाली घेतला. कारण त्यांचा शिरस्ता ऐसा की, बाजारात गिऱ्हाइकासमोर आपली लाल मिरची कचकन चावून दाखवावी, पाण्याचे थेंबास शिवू नये आणि मिशीस पीळ द्यावा. हा पराक्रम त्यांनी नातीस दर सुटीत ऐकविला होता. आपलीच तोफ आपल्यावर फिरली.

मग त्यांनी मनाशी मसलत केली की, इभ्रत जावो पण सुई टळो. डबा उघडून त्यांनी भाकरीवरची तळलेली मिरची उचलली. बेत इतुकाच की, जरा चावावी आणि खोटे हायहाय करावे. परंतु चिंतेने सकाळपासून पोटात अन्न नव्हते, घाईत अख्खी मिरची तोंडात गेली, ठसका लागला, डोळ्यांस धारा लागल्या, उचकी सुरू जाहली आणि नाटकाची गरजच उरली नाही.

"नंदे! हिक्! पाणी! पाणी दे वं!"

साऱ्या वॉर्डाच्या माना इकडे वळल्या. शेजारच्या खाटेवरील लेकराची आई जयाबाई म्हणाली, "काहून बाबाजी, तुम्ही तं भिवापूरचे ना?"

"हिक्! भिवापूर गेलं उडत!"

उशी दूर सरली. बाईसाहेब खुदकन हसल्या, मोकळ्या हाताने जगातले पाणी ग्लासात ओतत्या जाहल्या आणि आबांस देत्या जाहल्या. धोंडबांनी एका दमात ग्लास रिता करून पुन्हा पुढे केला.

"असं गटागटा नाही पेत, आबा! घोट घोट पेयाचं. दाक्तरनं सांगतलं ना? हे पाय, असं."

आणि रीत दाखविण्यास्तव बाईसाहेबांनी आपल्या ग्लासातून स्वतः घोट घेतला. मग आबांचा घोट, मग बाईसाहेबांचा, मग आबांचा, ऐसे करिता जग रिता जाहला. इतक्यात सिंधूताईंनी हुकूम सोडला की, बाबाजी, तुम्ही पेले ते धरणार नाही, आणि नवा जग भरून ठेविला. तोही बाईसाहेबांनी सायंकाळपावेतो सर केला.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. डाव्या हाताची सुई निघाली, उजवा हात सुईवाचून शाबूत राहिला, भिवापूरची इभ्रत तेवढी कामी आली, ही नोंद राहावी.

दुसरे दिवशी स्वारी घरी निघाली. तेव्हा नंदिनीबाईंनी सिंधूताईंकडून ओआरएसचे एक पाकीट मागून घेतले, आबांच्या डब्यात मिरच्यांशेजारी ठेविले आणि झाकण दाबून बंद केले.

"बाजारात नेत जा," त्या म्हणाल्या. "कोणी हासलं तं सांग, नातीनं देलं."