विषय : हार्ड डिस्क दिसत नसलेबाबत

रविवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी घरातली हार्ड डिस्क माळ्यावरून खाली पडली आणि तिच्या मागोमाग धाकटा पडला.

असं काहीही घडलेलं नाही. दोन्ही भावांनी आईसमोर तसं मान्य केलेलं आहे आणि घरात आता तो विषय निघत नाही. त्यामुळे आपणही तो काढायला नको. शुक्रवारपासून सुरुवात करू, तेव्हा सगळं जागच्या जागी होतं.

शुक्रवारी संध्याकाळी आई चौदा पायऱ्या चढून वर धाकट्याकडे आली, खुर्चीत बसली, गुडघे चोळले आणि म्हणाली, “रविवारी मला पंचाहत्तर पूर्ण होतात. मला काही आणू नका. ह्यांचा तो शिडीवरचा व्हिडिओ तेवढा दाखवा.”

‘हे’ म्हणजे वडील. पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि मग एक दिवस तेही गेले. त्यांचा आवाज जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता. चाळीस सेकंदांच्या त्या व्हिडिओत वडील शिडीवर उभे राहून पंखा बसवत होते आणि खाली शिडी धरलेल्या दोन्ही मुलांवर ओरडत होते. थोरल्याच्या मुलीने तो गुपचूप काढला होता. तिचा तो फोन कधीच बिघडला. व्हिडिओ त्याआधी हार्ड डिस्कवर गेला होता म्हणून वाचला. डिस्क खाली थोरल्याच्या घरात, माळ्यावर, राउटरच्या शेजारी ठेवलेली. घरातल्या कुठल्याही फोनवरून, टीव्हीवरून, बिनतारी उघडायची. धाकट्यानेच ती बसवली होती. खाली ती उघडणं फक्त थोरल्याच्या मुलीला जमायचं आणि ती हॉस्टेलवर होती.

“एवढंच ना?” धाकटा म्हणाला. “दोन मिनिटांचं काम.”

धाकटा एका इंटरनेट कंपनीच्या मदत कक्षात होता. दिवसभर लोकांना फोनवर “बंद करून चालू करा” असं सांगणं हा त्याचा व्यवसाय. त्याने लॅपटॉप उघडला. डिस्क दिसेना. फोनवर पाहिलं. दिसेना. टीव्हीवर पाहिलं. टीव्हीने एक सिनेमा सुचवला.

त्याने लॅपटॉप बंद करून चालू केला. फोन बंद करून चालू केला. टीव्ही बंद करून चालू केला. मग, काही राहायला नको म्हणून, पंखाही बंद करून चालू केला.

“अहो, खाली जाऊन भावजींना विचारा ना,” बायको म्हणाली. “चौदा पायऱ्या आहेत.”

“आमचं बोलणं नाही, तुला माहीत आहे.”

“मग बोलू नका. नुसते बघून या.”

आठ महिन्यांपूर्वी धाकट्याने वडिलांची शिडी पडदे लावायला म्हणून वर आणली होती. चार दिवसांनी थोरला म्हणाला, “शिडी दे.” धाकटा म्हणाला, “उद्या देतो.” उद्या दिली नाही. तेव्हा थोरल्याने लेखी मागितली. थोरला एका मोठ्या कार्यालयात आवक-जावक विभागात होता आणि लेखी झाल्याशिवाय कुठलीही गोष्ट झाली असं तो मानत नसे. लेखी मागणी आल्यावर धाकट्याला राग आला. त्याने लेखी नकार दिला. तेव्हापासून दोन मजल्यांमधला सगळा व्यवहार अर्जांवर चालत होता. अर्ज आई चष्म्याच्या डबीत घालून न्यायची-आणायची. चौदा वर, चौदा खाली.

शनिवारी सकाळी धाकट्याने पहिला अर्ज खाली पाठवला. विषय : माळ्यावरील हार्ड डिस्क बंद करून चालू करणेबाबत.

पंधरा मिनिटांनी उत्तर आलं. ‘सदर डिस्क माळ्यावर असून तेथे पोहोचण्यास शिडी आवश्यक आहे. शिडी आपल्याकडे आठ महिने प्रलंबित आहे. सबब कार्यवाही शक्य नाही.’

“सबब!” धाकटा म्हणाला. “सख्ख्या भावाला सबब लिहितो!”

“तुम्ही काय लिहिलं होतं?” बायकोने विचारलं.

“महोदय.”

दुसरा अर्ज : मग निदान राउटरची वीज तरी बंद करून चालू करावी. राउटरचं बटणही माळ्यावरच होतं. पण थोरला नियमाने चालणारा माणूस. अर्जात वीज म्हटलं होतं, म्हणून त्याने घराचा मेन स्विच बंद केला. वर फ्रिज थांबला, वॉशिंग मशीन कपड्यांसकट थांबलं, पंप अर्धी टाकी भरून थांबला. आई त्या वेळी नवव्या पायरीवर होती आणि जिन्यात अंधार झाला.

“अरे, दिवा लावा रे कुणीतरी,” ती अंधारातून म्हणाली.

दोघेही आपापल्या दारात आले. दोघांनीही दुसरा जाईल म्हणून वाट पाहिली. मग आई स्वतःच कठडा धरून वर आली आणि डबी टेबलावर ठेवली. आत उत्तर होतं : ‘कार्यवाही केली आहे.’

वीज परत आली. इंटरनेट आलं. डिस्क आली नाही.

शेवटी धाकट्याने, मन घट्ट करून, आपल्याच कंपनीच्या मदत कक्षाला फोन लावला. फोन त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या सहकाऱ्याने घेतला.

“नमस्कार सर. सर्वप्रथम, आपण कोणत्या नेटवर्कला जोडलेले आहात ते तपासून—”

“अरे, मी बोलतोय.”

“तू? सुट्टी आहे ना तुझी?”

“आहे. पुढचं बोल.”

“पण पहिला प्रश्न—”

“तो प्रश्न मी दिवसातून चाळीस वेळा विचारतो. तो सोडून पुढचं बोल!”

पुढचं म्हणजे, डिस्कलाच बंद करून चालू करा. आणि त्यासाठी शिडी.

रविवारी सकाळी आईने नवं पातळ नेसलं, खाली माळ्यासमोर खुर्ची मांडली आणि जाहीर केलं, “आता मी वर जाणार नाही, खाली येणार नाही. कागदही नेणार नाही. मी इथे बसते.”

पुतणी हॉस्टेलवरून दुपारपर्यंत येणार होती. वहिनी तिला आणायला स्टेशनवर गेल्या होत्या. खरं तर तिची वाट पाहता आली असती. पण मदत कक्षातल्या माणसाने एकोणीस वर्षांच्या मुलीची वाट पाहायची म्हणजे काय? धाकट्याने आठ महिन्यांनी शिडी उचलली आणि खाली आणली. सोबत पत्र होतं : ‘शिडी केवळ तात्पुरत्या तत्त्वावर पुरवण्यात येत आहे.’

थोरल्याने पत्र वाचलं, वर तारीख टाकली, खाली सही केली. धाकट्याने शिडी लावली, दोन पायऱ्या चढला आणि थांबला. शिडी डुगडुगत होती.

“आई, दादाला सांग, शिडी धर म्हणावं.”

“तो समोर आहे. तूच सांग.”

“आई, त्याला सांग,” थोरला म्हणाला, “की पत्रात फक्त शिडी पुरवण्याचा उल्लेख आहे. धरण्याचा नाही.”

“तुम्हाला दोघांना…” आई म्हणाली आणि पुढचं गिळलं.

धाकटा चढला. थोरला दोन पावलांवर, हात पाठीमागे बांधून उभा राहिला. माळ्यावर डिस्क होती तशी होती. तिचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता, तब्येत ठणठणीत असल्यासारखा. धाकट्याला क्षणभर शंका आली. पण इतकं चढून काहीच न करता उतरायचं कसं? त्याने वायर काढली, डिस्क हातात घेतली आणि तिची धूळ फुंकली.

फुंकेने शिडी हलली.

“ए टोणग्या!” थोरला ओरडला. “वर काय बघतोस, पायाकडे बघ! पायाकडे!”

तो धावला, त्याने शिडी पकडली, पण तोवर डिस्क फरशीवर पोहोचली होती. धाकटा तिच्या पाठोपाठ थोरल्याच्या अंगावर पोहोचला. दोघे शिडीच्या आत-बाहेर अडकून पडले. कुणाला फारसं लागलं नाही. आठ महिन्यांत ते एकमेकांच्या इतके जवळ आले नव्हते.

आईने डोळे मिटले होते.

“परत म्हण,” ती म्हणाली.

“काय?” थोरला खालून म्हणाला.

“आत्ता ओरडलास ते. अगदी ह्यांचा आवाज. ते व्हिडिओत हेच म्हणतात. ‘ए टोणग्यांनो, दोघांनी धरा रे, पायाकडे बघा.’ परत म्हण.”

थोरला उठून बसला. घसा साफ केला. “ए टोणग्या,” तो म्हणाला, “पायाकडे बघ.” परिपत्रक वाचल्यासारखं झालं. धाकट्याने म्हणून पाहिलं. त्याच्या तोंडून ते ‘कृपया लाइनवर राहा’ च्या चालीत आलं. दोघांनी तीन-तीनदा प्रयत्न केला. आईने मान हलवली. “राहू दे,” ती म्हणाली. “ते मागून येत नाही.”

पुतणी आली तेव्हा तिघेही जमिनीवर बसले होते. तिने डिस्क उचलली आणि कानाशी हलवली. खुळखुळ्यासारखी वाजली. मग तिने काकाचा फोन मागितला, एकदाच बोट फिरवलं.

“काका, डिस्कला काही झालं नव्हतं. तुम्ही पाहुण्यांच्या नेटवर्कवर आहात.”

“कोण मी?”

“वरचं सगळं घर. त्यावर इंटरनेट चालतं, पण घरातलं काही दिसत नाही. पाहुण्यांनी आपल्या फायली बघू नयेत म्हणून. तुम्हीच करून ठेवलं होतं ना ते?”

“पण आम्हाला त्यात टाकलं कुणी?”

थोरला फरशीकडे पाहत म्हणाला, “शिडीचं झालं त्या दिवशी… घरच्या नेटवर्कचा पासवर्ड बदल, असं मी पोरीला सांगितलं होतं.”

“आणि मी तिला म्हटलं,” आई म्हणाली, “वरच्यांना अगदीच तोडू नकोस. निदान पाहुण्यांचं तरी राहू दे.”

मग धाकट्याने शिडी उचलली आणि खालच्याच भिंतीला लावून ठेवली. थोरल्याने आत जाऊन जावक वही आणली, एक कोरा कागद काढला आणि वळणदार अक्षरात अर्ज लिहिला. खाली आपण सही केली आणि पेन धाकट्यापुढे धरलं. एकाच कागदावर त्या दोघांच्या सह्या पहिल्यांदाच पडत होत्या. ‘प्रति’ च्या पुढची जागा मात्र कोरी राहिली. एवढी वर्षं आवक-जावक सांभाळूनही हा कागद कुठल्या विभागात जातो ते थोरल्याला आठवेना.

‘विषय : आठ महिने परत मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, अर्जदारांकडून अनवधानाने वाया गेलेले मागील आठ महिने, त्यात आमच्या मातोश्रींनी चढलेल्या व उतरलेल्या सर्व पायऱ्यांसह, तसेच सोबत जोडलेल्या डिस्कमधील चाळीस सेकंद आवाजासह, अर्जदारांस परत करण्यात यावेत. आठ महिने देणे शक्य नसल्यास किमान चाळीस सेकंदांचा तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. शिडी आम्ही दोघे धरू.’