निळा ठिपका मागे सरतो

"सून मिळावी तर अशी मिळावी गं. घरात आहे की नाही, पत्तासुद्धा लागत नाही."

एका जंगलात, बाळांनो, जमिनीच्या पोटात, भर दुपारी हे वाक्य बोललं गेलं. बोलणारी होती बाभळीबाई नावाची साळिंदरीण. ऐकत होती तिची जाऊ, बोराटीकाकू. आणि जिने ऐकायचं नव्हतं ती नवी सून शेवंती दोघींपासून हातभर अंतरावर, भिंतीतल्या कोनाड्यात अंग चोरून उभी होती.

ती लपली नव्हती हं. तसली सवय तिला नव्हती. ती तिथे नियमाप्रमाणे उभी होती.

नियम असा. बाभळीबाईंच्या घरातलं भुयार एका साळिंदरापुरतंच रुंद होतं. समोरासमोर दोघं आली की धाकट्याने मागे मागे सरत जवळचा कोनाडा गाठायचा. थोरल्याने पुढे निघून जायचं. काकू बाभळीबाईंसाठी सरायच्या. बाभळीबाईंचा मुलगा, म्हणजे शेवंतीचा नवरा सराटा, काकूंसाठी सरायचा. आणि शेवंती सगळ्यांसाठी सरायची, कारण ती सगळ्यांत शेवटी आली होती.

आता तुम्ही साळिंदर नाही, म्हणून सांगते. साळिंदराचे काटे मागे झुकलेले असतात. पुढे चालताना ते अंगासरशी बसतात. मागे सरताना मात्र छतातली एकेक मुळी एकेका काट्याला धरून बसते. शेवंतीच्या पाठीवर लग्नात जेवढे काटे होते तेवढे आता राहिले नव्हते. तिच्या माहेरी भुयार दुहेरी होतं. तिथे लोक शेजारी शेजारी चालत आणि चालता चालता भांडत.

तर शेवंतीने ते वाक्य ऐकलं. आणि तिला काय वाटलं असेल? राग आला असेल? डोळ्यांत पाणी आलं असेल?

छे! ती खूश झाली. सासरी आल्यापासून तिला मिळालेली ही पहिलीच शाबासकी होती. ती राखायची असं तिने ठरवलं. त्या दिवसापासून ती काटे वाजू नयेत म्हणून श्वास अर्धाच घेऊ लागली. जेवताना इतरांचं चावणं सुरू झालं की त्या आवाजात आपलं चावून घ्यायची. शिंक आली तर नंतर ये म्हणून परत पाठवायची. आणि या सगळ्याचा तिला भारी अभिमान वाटायचा. आपण किती गप्प आहोत हे कुणाला तरी ओरडून सांगावं, असंही एकदा वाटून गेलं.

गप्प बसणाऱ्याला दिसतं मात्र पुष्कळ. तसं शेवंतीला एक दिसलं. तीच तर गोष्ट आहे.

त्या जंगलात तेव्हा घरोघरी कंप्युटर होते आणि घरोघरी बोरलूट खेळली जायची. चार खेळाडू, चार रंगांचे ठिपके. प्रत्येकाने आपापल्या टेकडीवरून निघायचं, मधल्या बोरीपर्यंत जायचं, बोरं लुटायची आणि टेकडीवर परत यायचं. खेळ एकच होता. नकाशे मात्र ज्याचे त्याने बनवायचे. टेकडी कुठे, ओढा कुठे, पूल कुठे, सगळं बनवणाऱ्याच्या मर्जीवर. सराटा नकाशे बनवायचा.

पण चौघांचा नकाशा एकट्याने तपासायचा कसा? मित्रांना बोलवावं, तर ससा पाच मिनिटांत येतो म्हणायचा आणि उन्हाळा संपायचा. माकड यायचं, पण जाताना कीबोर्डची दोन बटणं घेऊन जायचं. रानडुक्कर वेळेवर यायचं, वेळेवर जेवायचं आणि वेळेवर झोपायचं.

म्हणून सराट्याने एक छोटंसं टूल बनवलं. त्याचं नाव ठेवलं 'चौघं'. ते सुरू केलं की एकाच पडद्यावर चार खिडक्या उघडत. चार खिडक्यांत चार खोटे खेळाडू. लाल, पिवळा, हिरवा, निळा. ते आपले आपण चालत, बोरं लुटत, परत येत. आपण फक्त बघायचं.

"म्हणजे मित्रांबरोबर खेळायच्या खेळाला आता मित्र लागत नाहीत," सराटा म्हणाला. तो हे फार आनंदाने म्हणाला.

खोट्या खेळाडूंना चालायला सराट्यानेच शिकवलं होतं. आणि सराट्याला चालायला बाभळीबाईंनी शिकवलं होतं.

"बघ ना," त्याने शेवंतीला बोलावलं. "चार टेकड्या, चार रस्ते, आणि ओढ्यावर हा एक पूल. कसा वाटतो?"

शेवंतीने बघितलं. पुलावर लाल ठिपका समोरून आला. निळा ठिपका थांबला. मग मागे मागे सरत पुलाच्या टोकाशी गेला आणि बाजूला उभा राहिला. लाल गेला. पिवळा आला. निळा पुन्हा सरला. हिरवा आला. निळा पुन्हा सरला. सगळे गेल्यावर निळ्याने उरलेली दोन बोरं उचलली आणि तो घरी आला.

'अगंबाई,' शेवंतीच्या मनात आलं, 'ही तर मी.'

आणि लगेच दुसरं आलं. नकाशा ठीक चाललाय तो पुलामुळे नाही. निळा सरतोय म्हणून चाललाय. निळा सरला नाही तर त्या पुलावर मुंगी हलणार नाही.

"कसा वाटतो?" सराट्याने पुन्हा विचारलं.

"छान," शेवंती म्हणाली.

"छान म्हणजे?"

"म्हणजे… रंग छान आहेत."

बाळांनो, इथे तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं ना! तुम्हाला काय जातंय म्हणायला. तुमच्याकडे राखायला शाबासकी नाही.

आणि सांगायला तर हवंच होतं. कारण जंगलाच्या खेळमंडळाने सराट्याचे आधीचे दोन नकाशे परत पाठवले होते. हा तिसरा. तो मैदानात सगळ्यांसमोर खेळला जाणार होता. तोही फसला तर सराट्याने नकाशे बंद करून काकांच्या मुळं खणायच्या कामावर जायचं, असं घरात ठरून गेलं होतं. सराटा त्याबद्दल बोलायचा नाही. पण हल्ली संध्याकाळी शेवंतीच्या काट्यांत अडकलेल्या मुळ्या सोडवत बसला की मध्येच थांबायचा आणि आपल्या पंजांकडे बघत राहायचा. घरात तिच्या पाठीकडे बघणारा तो एकटाच होता. त्या मुळ्या तिथे येतात कशा, हे मात्र त्याने कधी विचारलं नव्हतं.

शेवंतीने मनातल्या मनात वाक्य रचायला घेतलं. पहिलं झालं, 'पूल थोडा रुंद करता येईल का?' ते फार उद्धट वाटलं. मग 'पूल सुंदरच आहे, पण' असं केलं. त्यात 'पण' टोचत होता. मग तिने पुलाचं नाव काढून टाकलं. मग रुंदीचं. मुळं सोलताना, पाणी भरताना, कोनाड्यात उभी असताना ती ते वाक्य घासत राहिली. शेवटी ते इतकं नितळ झालं की बोलून खराब करावंसं वाटेना. शिवाय त्यात आता काही सांगितलेलंही उरलं नव्हतं.

होता होता खेळाच्या आदल्या दिवसाची दुपार आली.

सगळं घर कंप्युटरसमोर बसलं. सराट्याने 'चौघं' सुरू केलं. ठिपके चालू लागले. लाल पुढे, पिवळा त्याच्यामागे, निळा आपला बाजूला.

"बाई बाई, किती गुणी आहेत गं ही चौघं!" काकू म्हणाल्या.

"वळण लागतं त्याला," बाभळीबाई म्हणाल्या. "उगीच नाही होत. सराट्या, हे आम्हाला नाही का रे खेळता येत?"

येत होतं. कीबोर्डला पंजा लावला की ती खिडकी आपल्या हाती यायची. सराट्याने जुने कीबोर्ड शोधून जोडले. बाभळीबाईंनी लाल घेतला. काकूंनी पिवळा घेतला. स्वतः सराटा हिरवा झाला.

"निळा राहू दे," तो म्हणाला. "तो त्याचा तो चालतो."

खेळ झाला. बाभळीबाईंनी एवढी बोरं लुटली की त्यांच्या मानेवरचे काटे आनंदाने उभे राहिले.

"काय सोपा आहे गं! मधे कुणी येतच नाही."

"तुमच्या मधे कोण येणार, वहिनी!" काकू म्हणाल्या.

"उद्या बघा जंगल कसं तोंडात बोट घालतं ते. पुन्हा लाव रे."

सराटा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. त्याचे काटे सैल पडले होते आणि तो एकदम लहान दिसत होता. शेवंती पाण्याचं भांडं घेऊन दाराशी उभी होती. तिला तो हसताना दिसला, आणि त्याच्या पाठीमागे उद्याचं मैदानही दिसलं. पुलावर रानडुक्कर. समोरून दुसरं रानडुक्कर. आणि सगळं जंगल या हसणाऱ्या तोंडाकडे बघतंय.

तिने भांडं खाली ठेवलं. पुढे येऊन बसली. चौथ्या कीबोर्डवर पंजा ठेवला.

कुणाचं लक्ष गेलं नाही. तेवढं कसब तिने कमावलंच होतं.

खेळ सुरू झाला. लाल पुलावर चढला. समोरून निळा चढला. लाल थांबला आणि वाट बघू लागला. निळाही थांबला. लालच्या मागे पिवळा येऊन टेकला. निळ्याच्या मागे हिरवा येऊन टेकला.

"सराट्या, बंद पडलं रे तुझं," बाभळीबाई म्हणाल्या.

"बंद नाही आई, चालू आहे. निळा सरत नाहीये."

"का नाही सरत? मघाशी तर शहाण्यासारखा सरत होता. कोण आहे त्या निळ्यात?"

मग सगळ्यांनी वळून बघितलं. शेवंतीने कीबोर्डवरचा पंजा काढला नाही.

"अगंबाई, ही कधी आली?" काकू म्हणाल्या.

"शेवंती, सर बरं मागे," बाभळीबाई समजुतीने म्हणाल्या. "नवीन आहेस, चुकतं एखादं बटण. मागे जायचं बटण दाब."

शेवंतीला ते बटण चांगलं माहीत होतं.

"वहिनी, तुम्हीच सरा ना जरा," काकू म्हणाल्या. "माझी बोरं राहिलीत."

"मी?" बाभळीबाईंनी कीबोर्डकडे बघितलं. मग जवळून बघितलं. "सराट्या, मागे जायचं बटण कुठलं रे?"

"खालचं, आई. तुला कधी लागलंच नाही ते."

"नाही सापडत मला. आणि मी का शोधू? धाकटी कोण इथे? सर गं!"

पुलावर चार ठिपके एकमेकांना चिकटून उभे होते. बोरीवरची सगळी बोरं जागच्या जागी होती. खोलीत कसला तरी बारीक खुळखुळाट ऐकू येत होता. तो आपल्याच काट्यांचा आहे हे शेवंतीला उशिरा कळलं.

सराट्याचं हसू गेलं होतं. "चाचणीत असं एकदाही झालं नव्हतं," तो म्हणाला. मग तिच्याकडे वळला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "उद्या खेळ आहे, शेवंती. आजच का असं करतेस?"

तिने ते नितळ वाक्य आठवायचा प्रयत्न केला. एक शब्द आठवला नाही. तेव्हा तिने पूर्ण श्वास घेतला आणि जे तोंडात आलं ते बोलली.

"उद्या इथे मी नसणार, रानडुक्कर असणार. मी सरत नाही म्हणून अडलेलं नाही, आई. पूल अरुंद आहे."

*

तात्पर्य : बाळांनो, धाकट्यांनी नेहमी मुकाट्याने मागे सरावं. त्यामुळे घरात शांतता राहते, थोरल्यांना मागे जायचं बटण शोधावं लागत नाही आणि पूल बांधणाऱ्याचं कौतुक होतं. फक्त घराबाहेर पूल बांधायला जाऊ नये.