माफीला संरक्षण नाही

दुपारी सव्वाबारा वाजता, भर रस्त्यात, कर्तव्यावर असलेल्या एका हवालदाराने एका किल्लीवाल्यावर गोळी झाडली. किल्लीवाला एका बंद दुकानासमोर उकिडवा बसून कुलपाशी खटपट करत होता. दुकानाचा मालक शेजारीच उभा होता, कारण किल्ली त्याचीच हरवली होती आणि किल्लीवाल्याला त्यानेच बोलावलं होतं. “कोण आहे रे?” असं हवालदाराने दरडावून विचारलं. किल्लीवाला हातात कानस घेऊन वळला, कानशीवर ऊन चमकलं, आणि बावीस वर्षांत फक्त तेलपाण्यासाठी बाहेर निघालेलं पिस्तूल पहिल्यांदाच कामासाठी बाहेर निघालं. गोळी उजव्या हातातून आरपार गेली.

हवालदार पापभीरू होता. खात्यात हा दोष मानत नाहीत, पण गुणांच्या रकान्यातही धरत नाहीत. त्याने किल्लीवाल्याला स्वतः उचलून इस्पितळात पोचवलं, चौकीवर परतला आणि दोन ओळींचा अहवाल लिहिला: ‘मी घाबरलो आणि गोळी झाडली. चूक माझी आहे.’

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला आणि उठून दार लावून घेतलं.

“हे काय लिहिलंस?”

“झालं ते, साहेब.”

“झालं ते लिहायला वर्तमानपत्रं आहेत. तू अहवाल लिहायचास.”

त्याला मुख्यालयात तिसऱ्या मजल्यावर, संरक्षण कक्षात पाठवण्यात आलं. तिथल्या कायदा अधिकारी मॅडम मृदू स्वभावाच्या होत्या. त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली. बावीस वर्षांत मुख्यालयात त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं. त्यासाठी माणसावर गोळी झाडावी लागते हे त्याला ठाऊक नव्हतं.

“तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “कर्तव्यावर असताना सद्भावनेने झाडलेल्या गोळीबद्दल शासनाच्या परवानगीशिवाय खटला भरता येत नाही.”

“पण मॅडम, सद्भावना नव्हती. भीती होती.”

“कर्तव्यावरची भीती म्हणजेच सद्भावना. तसं परिपत्रक आहे.”

सुधारित अहवालाची प्रत घेऊन हवालदार घरी आला. त्याची बायको शाळेत व्याकरण शिकवायची. तिने चष्मा लावून मोठ्याने वाचलं: ‘दुपारी सव्वाबाराच्या सुमारास गोळीचे प्रयाण होऊन ती एका हाताच्या संपर्कात आली.’

“यात कर्ता कुठे आहे?” तिने विचारलं.

“मॅडम म्हणाल्या, कर्त्याची गरज नाही.”

“चौथीतल्या पोरांनी असं लिहिलं तर मी गुण कापते,” ती म्हणाली, आणि प्रत घडी करून त्याच्यापुढे सरकवली.

इकडे किल्लीवाल्याच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, भावाच्या सहीने खटल्याच्या परवानगीसाठी अर्ज केला. आठवड्याने तो परत आला. अर्जदाराची सही जुन्या सहीशी जुळत नव्हती, कारण ती डाव्या हाताची होती. ‘अर्जदाराने आपल्या नेहमीच्या हाताने सही करावी,’ असा शेरा होता. ताईने डॉक्टरांचा दाखला जोडला. तोही परत आला: ‘दाखल्यात हात गोळीने जायबंदी झाल्याचे म्हटले आहे. गोळीबाबतचा निर्णय प्रलंबित असल्याने दाखला अग्राह्य.’ निर्णय प्रलंबित होता, कारण अर्जच आलेला नव्हता.

महिना उलटला. हवालदाराची अन्नावरची वासना उडाली. शेवटी एका रविवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, साध्या कपड्यांत तो किल्लीवाल्याच्या घरी गेला. दार ताईने उघडलं. आत खाटेवर किल्लीवाला पडला होता, पांढऱ्या पट्ट्यांतला हात उशीवर ठेवलेला.

“मला झोप नाही,” हवालदार दारातच म्हणाला. “घास घशाखाली उतरत नाही. आरशात तोंड बघवत नाही. माझी चूक झाली, मला माफ करा.” एवढं बोलून तो ढसाढसा रडला.

“ताई, त्यांना पाणी दे,” आतून किल्लीवाला म्हणाला.

पाणी पिऊन हवालदार जिना उतरला. महिन्याभरात पहिल्यांदाच त्याला हलकं वाटलं, आणि त्या रात्री तो घोरत झोपला.

शेजारच्या काकांनी हा सगळा प्रसंग भिंतीला कान लावून ऐकला होता. सोमवारी सकाळी तो प्रसंग तिसऱ्या मजल्यावर पोचला होता, आणि हवालदारालाही तिथे बोलावणं आलं. या खेपेला खुर्ची मिळाली नाही.

“काल तुम्ही कर्तव्यावर होतात?” मॅडमनी विचारलं.

“नाही, सुट्टी होती.”

“तिथेच घोटाळा केलात. गोळी कर्तव्यावर झाडली गेली, तिला संरक्षण आहे. माफी सुट्टीत मागितलीत. तिला नाही.”

“मग ड्युटीवर मागितली असती तर?”

मॅडमनी प्रामाणिकपणे विचार केला. “माफी हा कर्तव्याचा भाग नाही. तेव्हाही मिळालं नसतं.”

‘न घडलेल्या चुकीची कबुली देऊन खात्याची बदनामी केल्याबद्दल’ हवालदारावर खटला भरण्याची परवानगी मागण्यात आली. ती त्याच दिवशी चार वाजता आली.

चूक घडलीच नव्हती, हे सरकारी वकिलांना सिद्ध करायचं होतं. त्या दुपारी रस्त्यावर एकेचाळीस माणसं होती. एकेकाला बोलावणं गेलं. आधी दुकानाचा मालक आला.

“माझी पाठ होती,” तो म्हणाला.

“तुमच्या दुकानाचं कुलूप उघडत असताना पाठ?” न्यायाधीशांनी विचारलं.

“माणूस भरवशाचा होता, म्हणून तर पाठ फिरवली.”

समोरचा चष्मेवाला म्हणाला, “माझ्या डोळ्याला चष्मा नव्हता.”

“तुमच्या दुकानात तर शेकड्यांनी चष्मे आहेत.”

“ते विकायचे आहेत, साहेब.”

उरलेल्या एकोणचाळीस जणांपैकी कोणाचा जोडा सुटला होता, कोणाला शिंक आली होती. शेवटी हवालदार आरोपीच्या पिंजऱ्यात उठून उभा राहिला. “मी पाहिलं,” तो म्हणाला. “मीच झाडली.”

“खाली बसा,” न्यायाधीश मायेने म्हणाले. “स्वतःविरुद्ध असं बोलू नये. कायदा तुमचं संरक्षण करतो आहे.”

माफी सिद्ध झाली, चूक झाली नाही. हवालदाराला दोन महिन्यांची कैद झाली. शिवाय माफी सात दिवसांत लेखी परत घ्यावी, न घेतल्यास आणखी दोन महिने, असा हुकूम झाला.

बाहेर एकेचाळीस माणसं त्याच्याभोवती जमली. त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते. “देवमाणूस आहात,” दुकानाचा मालक म्हणाला. चष्मेवाल्याने त्याच्या खिशात एक नवाकोरा चष्मा घातला आणि पैसे घेतले नाहीत. कोणी त्याच्या बायकोला धीर दिला, कोणी वरच्या कोर्टातला वकील सुचवला. गर्दीच्या कडेला ताई उभी होती. लोकांनी तिला वाट करून दिली.

“ताई, मी माफी परत घेणार नाही,” हवालदार म्हणाला. “दोनाचे चार महिने झाले तरी चालतील.”

“तुमची मर्जी,” ताई म्हणाली. “आमच्याकडे रोज कोणी ना कोणी येतं. मोठ्या कळवळ्याने विचारतं, त्या हवालदाराचं पुढे काय झालं हो? नोकरी जाणार का? घरी पोरंबाळं असतील ना? भाऊ आतून मलाच सांगतो, नीट सगळं सांग त्यांना, एवढ्या लांबून आलेत.”

हवालदार खाली बघत राहिला. त्या रविवारी आपण त्या घरात काय काय बोललो, ते तो आठवू लागला. झोपेचं बोललो. घासाचं, आरशाचं बोललो. त्याने मान वर केली, पण तेवढ्यात शिपायांनी त्याला गाडीत चढवलं आणि लोकांनी त्याच्या नावाचा जयजयकार केला.

आता हवालदाराने माफी परत घेतली का, दोन महिन्यांनी सुटला की चार, नोकरी राहिली की गेली, हे कळावं म्हणून तुम्हीही इथवर थांबला असाल. सगळेच थांबतात. किल्लीवाल्याच्या हाताचं काय झालं, हे मात्र ताईला अजून कोणी विचारलेलं नाही.