तिसऱ्या मजल्यावरचं न्हाणीघर

प्राध्यापक ख्वात कॉलेजात खासगी मालमत्तेचे तोटे शिकवत आणि घरी न्हाणीघरात डुक्कर पाळत. हनोईच्या त्या सरकारी इमारतीत जनावर पाळायला सक्त मनाई होती. पण लेकीचं, थोआचं, लग्न तोंडावर आलं होतं आणि रेशनच्या मांसात वऱ्हाड जेवणं शक्य नव्हतं. तेव्हा लग्नाचं जेवण आत वाढत होतं आणि घरची माणसं गॅलरीत बादली घेऊन आंघोळ उरकत होती.

भूक लागली की डुक्कर किंचाळून इमारत डोक्यावर घेई. सुदैवाने वरच्या मजल्यावर राहणारे वॉर्डाचे अधिकारी तुअत नेमके त्याच वेळेला, सकाळ-संध्याकाळ, खांबावरचा सरकारी भोंगा लावत. भाताच्या विक्रमी पिकाच्या बातम्यांपुढे डुकराचं काही चालत नसे.

त्या संध्याकाळी मात्र भोंग्याऐवजी दार वाजलं. फटीतून पाहिलं तर खुद्द तुअत!

"तुम्ही त्यांना बोलण्यात गुंतवा," न्यानबाई नवऱ्याच्या कानात म्हणाल्या आणि लग्नासाठी गाळून ठेवलेल्या तांदळाच्या दारूची बाटली घेऊन न्हाणीघरात शिरल्या. कोंड्यात ती सढळ हाताने ओतून, तोंड पुसत बाहेर आल्या.

चहा झाला. तुअत सुस्कारा सोडून म्हणाले, "सर, सरकारचं नवं धोरण आलंय. घरोघरी जोडधंदा करा म्हणतात. मला एक आदर्श कुटुंब दाखवायचंय, आणि आपल्या इमारतीत साधी कोंबडी नाही हो!"

वर्षानुवर्षं शिकवलेलं सगळं प्राध्यापकांनी एका क्षणात गुंडाळून ठेवलं. "या, दाखवतो," म्हणत त्यांनी न्हाणीघराचं दार उघडलं.

डुक्कर चारी पाय वर करून पडलं होतं.

"मेलंय की हो!"

"छे, झोपलंय."

"असं कुठं डुक्कर झोपतं? रोग आहे हा. माणसं बोलावतो. चुना टाकून पुरायला हवं आत्ताच्या आत्ता."

न्यानबाईंना रडू कोसळलं. "पुरू नका हो! लेकीचं लग्न आहे. दारू पाजलीय मी त्याला, तुमच्या भीतीनं!"

घरी गाळलेली दारू हा आणखी एक गुन्हा. प्राध्यापकांनी डोळे मिटून घेतले.

तुअतांनी दार आतून लावलं. वाकून डुकराचं घोरणं नीट ऐकलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "किती पाजली, वहिनी?"

"वाटीभर असेल."

"फक्त वाटीभर? आमचं दोन वर्षं बोंबलतंय! भोंगा लावून लावून कान गेले माझे."

उद्यापुरती वाटीभर दारू वहिनींकडे ठेवून, उरलेली बाटली सदऱ्याखाली दडवून ते वर गेले. जाताना आदर्श कुटुंब म्हणून ख्वातांचं नाव पक्कं करून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भोंगा लागलाच नाही. इमारत क्षणभर चिडीचूप झाली. मग तळमजल्यावरून एक किंकाळी आली, दुसऱ्यावरून दोन, शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडून एक, आणि बघता बघता सगळ्या न्हाणीघरांतून एकच कल्लोळ उठला. गप्प होती ती दोनच घरं.

प्राध्यापक गॅलरीत येऊन ऐकत राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला.

"बघितलंस?" ते बायकोला म्हणाले. "या लोकांना नियम म्हणून काही आहे की नाही?"