बटणाचा मान

वेबसाइटच्या पत्त्याच्या डाव्या अंगाला एक कुलूप असतं, तांदळाच्या कणीएवढं. ते असतं तेव्हा कोणाला दिसत नाही. नसतं तेव्हा दुसरं काही दिसत नाही.

धसईच्या भेंडी उत्पादक गटाच्या वेबसाइटला ते पहिल्याच दिवशी मिळालं होतं. कल्याणच्या सोसायट्यांनी तिथे मागणी नोंदवायची आणि सकाळी तोडलेली भेंडी संध्याकाळी त्यांच्या दारात, अशी योजना. कुलपासाठी लागणारं सुरक्षा प्रमाणपत्र एक परदेशी संस्था फुकट देते; बटण दाबलं की येतं. वेबसाइट सांभाळणाऱ्या जयश्रीने ते दाबलं, प्रमाणपत्र आलं, आणि इथेच चूक झाली. उद्घाटनाआधी काम झालं.

मानाशिवाय काम न होणं ही धसईची प्रगती आहे. (मागासलेल्या भागांत नुसतंच काम होतं.) सचिव हेमंतने ते प्रमाणपत्र पुसलं आणि पाहुण्यांच्या हस्ते नवं काढलं. त्यावर उपाध्यक्ष रुसले. दुसऱ्याने फोडलेला नारळ त्यांनी कसा फोडायचा? पुन्हा पुसलं, पुन्हा काढलं. मग खजिनदार, मग सल्लागार. अध्यक्ष यमाजीकाका सगळ्यांत शेवटी आले, कारण मोठा माणूस शेवटीच येतो. त्यांच्यासाठी पुसलं, त्यांनी बटण दाबलं, आणि पडद्यावर उत्तर उमटलं: एका वेबसाइटला एका आठवड्यात पाचच प्रमाणपत्रं; पुढची जागा दीडेक दिवसाने. थांबा.

थांबण्याखेरीज सर्व उपाय तातडीने योजण्यात आले. काकांनी पुन्हा दाबलं, जरा जोरात. हेमंतने मुरबाडला जाऊन दाबलं, तिथे रेंज चांगली म्हणून. संस्थेत कोणाची ओळख निघते का, याची चौकशी शहापूरपर्यंत झाली. निघाली नाही. ओळख चालत नाही ती कसली संस्था, असं सर्वानुमते ठरलं.

नियमांत सरावाची वेगळी सोय होती, तिथे दाबून बघा म्हणून. जयश्रीने ती सुचवली. सरावाचा नारळ कोणी फोडतं का गो, असं तिला विचारण्यात आलं.

दीडेक दिवसाने एक जागा मोकळी झाली आणि प्रमाणपत्र आलं. पण त्या वेळी बटणापाशी उपाध्यक्ष होते. अध्यक्षांना उष्टं कसं द्यायचं, म्हणून हेमंतने तेही पुसलं. पुढच्या खेपेला खजिनदार होते.

इकडे गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर लाल इशारा येत होता, की ही जागा धोक्याची आहे. मागण्या आटल्या. (एका बाईंनी भेंडीला नेमकं काय झालंय, अशी काळजीने विचारणा केली.) जयश्रीची स्वतःची अर्ध्या एकराची भेंडी होती. ती कोणाचा मान बघेना. रोज जून होत होती, आणि जयश्री ती रोज तोडून म्हशीला घालत होती.

शेवटी बैठक भरली. सगळ्यांनी एकदम बोट ठेवून बटण दाबावं, असा ठराव हेमंतने मांडला. काकांनी बोट पुसून तयार ठेवलं.

"काका," जयश्री म्हणाली, "पासवर्ड बदललाय मी. सकाळी जागा मोकळी झाली, परमानपत्र मीच काढलं. आता ते कोनी पुसायचं नाय."

"मंग आमचा मान?"

"तुमाला दुसरं बटन करून दिलंय. दाबलं का उजेड पडतो. त्याला काय जोडलेलं नाय. शहरातल्या कितीतरी लिफ्टांत दार लावायचं बटन नुसतंच असतं ना, तसलं. शिकलेली मान्सं रोज दाबतात, काका. कोनाची तक्रार नाय."