तिकडे, डोंगरात

एल्कची, म्हणजे इकडच्या थोराड सांबराची, जागा शोधायला फक्त अक्कल लागते आणि ती माझ्याकडे भरपूर आहे, असं मी डोंगराळ मोंटानात राहायला आल्या आल्या जाहीर करून टाकलं! सपाट ओहायोत वाढलेल्या माणसाने असं बोलू नये. पण सासऱ्यांच्या शिकारीच्या तंबूत शेगडीशेजारची खाट रिकामी होती. घरातला जो कुणी आपल्या हिमतीवर पहिला एल्क आणील, त्याची ती खाट. मला ती हवी होती. तोवर या घरात मी पाहुणाच.

"बाबा, एल्क असतात कुठे?" मी सासऱ्यांना विचारलं.

व्हर्जिलबाबांनी बिनझाकणाच्या थर्मासमधून कॉफीचा घोट घेतला, हनुवटी उचलली आणि अख्ख्या क्षितिजावरून फिरवली. "तिकडे, डोंगरात."

"आणि थर्मासचं झाकण?"

"हरवलं गेल्या साली."

"कुठे?"

"तिकडे, डोंगरात!"

इथला माणूस एक वेळ पोटची पोर देईल, पण एल्कची जागा सांगणार नाही. पोर मला आधीच मिळाली होती!

मग मी नकाशा पसरला. उत्तरेचा उतार, दाट झाडी, खाली झरा, जवळपास रस्ता नाही. अशी एक जागा हेरली आणि धनुष्यबाण घेऊन पहाटेच गाठली. जागा अशी निघाली की काय सांगू! अ‍ॅस्पेनच्या झाडांची पिवळीधमक पानं वारा नसतानाही थरथरत होती. लांब कुठेतरी एल्कच्या नराने साद घातली, आधी खोल, मग उंच, मग नुसती हवा. मी झाडाला टेकलो, डोळे मिटले. स्वप्नात एक एल्क आला, शेजारी बसला आणि आम्ही दोघं मिळून ऊन खात राहिलो. जाग आली तेव्हा टोपीत पानं साचली होती.

मग रोज हेच! शिकार शून्य, पण एवढं सुख मला जन्मात लाभलं नव्हतं.

घोटाळा झाला तो गावातल्या न्याहारीच्या हॉटेलात.

"काय जावईबापू, सापडली का जागा?" सासऱ्यांनी सगळ्यांदेखत विचारलं.

झोपतो म्हणून कसं सांगणार? मी हनुवटी उचलली आणि फिरवली. "तिकडे, डोंगरात."

हॉटेलातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या!

"याला सापडलीय," हॉटेलवाला क्लाइड कुजबुजला. "चेहरा बघा, कसा तृप्त आहे!"

दुसऱ्या दिवशी माझ्यामागे एक गाडी. तिसऱ्या दिवशी चार! चुकवायला म्हणून मी गाडी भलतीकडेच लावून चालत गेलो, तर बोंब उठली, "गाडी लपवतोय! म्हणजे अख्खा कळपच असणार!"

शनिवारपर्यंत माझ्या जागेत झाडागणिक एक शिकारी. मादीचा आवाज काढून सगळे एकमेकांनाच बोलावत होते! आडव्या पडलेल्या ओंडक्यामागे सासरे.

"बाबा, तुम्ही?"

"सहज. पाय मोकळे करायला."

"तोंडाला हिरवा रंग फासून?"

"श्श! एल्क बुजतील!"

एल्क केव्हाच मुलूख सोडून गेले होते. मला मात्र झोप लागेना, याचं खरं दुःख झालं.

संध्याकाळी आम्ही सासरा-जावई हात हलवत घरी परतलो. पाहतो तर पडवीत भली थोरली शिंगं भिंतीला टेकलेली, मांस टांगलेलं, आणि आमची डार्ला, म्हणजे माझी बायको, स्टुलावर पाय टाकून पाय खात बसलेली. सफरचंदाचा!

"पोरी!" सासरे ओरडले. "कुठे मिळाला?"

डार्लाने हनुवटी उचलली आणि अख्ख्या क्षितिजावरून फिरवली. "तिकडे, डोंगरात."

मग तिने खिशातून एक चेपलेलं झाकण काढलं आणि सासऱ्यांपुढे ठेवलं. "आणि हे घ्या, बाबा. तुमच्या बसायच्या दगडामागे पडलं होतं. तुम्ही याच्या मागे फिरत होता, म्हटलं एवढी चांगली जागा ओस कशाला पाडायची!"

सासऱ्यांनी झाकण थर्मासवर फिरवलं. घट्ट बसलं. मग अभिमानाने की दुःखाने कोण जाणे, त्यांनी नाक शिंकरलं.

खाट डार्लाची झाली. मलाही तंबूत घेतात, भांडी घासायला. ती जागा कुठे, हे बापलेक अजून सांगत नाहीत. परवा दुपारी ती खाटेवर गाढ झोपली होती. मी हळूच कानाशी विचारलं, "डार्ला, मला तरी सांग ना गं!"

डोळे मिटलेलेच होते. पण हनुवटी हलली!